हिरव्या पाण्याचा घट

गावी परतल्यापासून भेटेल ती बाई मला एकच विचारते, "मग, मुंबई बघितली का?" नाही बघितली. समुद्र बघितला नाही, राणीची बाग बघितली नाही. नवरात्रभर मी डोंबिवलीला राहिले, कल्याणच्या पोरांबरोबर हिंडले, टिटवाळ्याच्या पलीकडच्या एका तलावावर दोनदा आणि ठाण्याच्या देवीला एकदा जाऊन आले. बाकीचा सगळा वेळ मी चार बरण्यांकडे टक लावून बसले होते. "बरण्या बघायला एवढ्या लांब कशाला जायला हवं होतं, आपल्या माळ्यावर काय कमी आहेत?" असं आमच्या सासूबाई म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे. पण या बरण्या वेगळ्या होत्या, आणि त्यांतल्या एकीनं जे केलं ते मला वीस वर्षं शाळेत शिकवून जमलं नव्हतं.

मी कराडजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमच्याकडे ऊस. उसाला युरिया एवढा पडतो की पावसाळ्यानंतर ओढ्याचं आणि विहिरींचं पाणी हिरवं होतं. म्हणून मी वर्गात बरण्यांचा एक प्रयोग करते. ओढ्याचं पाणी बरण्यांत भरायचं, एकीत काही नाही, बाकीच्यांत कमीजास्त खत, आणि उन्हात ठेवून शेवाळ कसं वाढतं ते बघायचं. माझी मावसबहीण शैला कल्याणला शिक्षिका आहे, राहते डोंबिवलीत. तिला मी हे एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं. तिनं ते लक्षात ठेवलं आणि यंदा भाद्रपदात तिचं बोलावणं आलं: "कुंदाताई, तू ये. माझ्या वर्गातल्या एका मुलीला तुझ्या बरण्यांची फार गरज आहे."

डोंबिवली

शैलाचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि दक्षिणेकडे हातभर रुंदीची गॅलरी. घरात ती आणि तिच्या सासूबाई, म्हणजे माई. शैलाचे यजमान आखातात नोकरीला. दर महिन्याला ते स्वतःच्या आवाजाची कॅसेट भरून पाठवतात आणि माई ती टेपरेकॉर्डरला कान लावून ऐकतात, मधूनमधून उत्तरंही देतात. "हो रे, घेते औषध," असं त्या यंत्राला सांगताना मी त्यांना पहिल्याच संध्याकाळी ऐकलं आणि मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

माई मालवणकडच्या. मासे खाणारं घर म्हणून मी मनातल्या मनात मांडे खाऊन आले होते, कारण आमच्याकडे मासा म्हणजे बाजाराच्या दिवशी कधीतरी. पण मी पोचले ती अमावस्येला, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. माशांच्या गावी येऊन मी नऊ दिवस साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ आणि रताळी खाल्ली. माई म्हणाल्या, "अगं, आलीस ती नेमकी चुकीच्या मुहूर्ताला." मी म्हटलं, चालायचंच.

मुहूर्त मात्र बरण्यांना बरोबर लागला. शाळेत चाचण्या चालू होत्या, रिकामी खोली नव्हती, म्हणून प्रयोग शैलाच्या गॅलरीत करायचं ठरलं. घटस्थापनेच्या सकाळी तिच्या वर्गातली सात-आठ मुलं घरी आली. त्यांत होती भारती, नववीतली. टिटवाळ्याच्या पलीकडून रोज कल्याणला शाळेत येणारी, बारीक, कमी बोलणारी. तिनं प्लॅस्टिकच्या कॅनमधून आपल्या गावच्या तलावाचं, झरा शिरतो त्या कोपऱ्यातलं निवळ पाणी आणलं होतं आणि वर्तमानपत्राच्या पुडीत दाणेदार खत.

"हे कुठलं गं?" मी विचारलं.

"बाबांच्या गोणीतलं," ती म्हणाली. "बाबा तलावात टाकतात ना, तेच."

मग मला सगळं कळलं. भारतीचे वडील बाळाराम मूळचे खाडीकाठचे कोळी. गावाच्या तलावात ते आणि त्यांचे भाऊ मासे पाळतात. पाण्यात थोडं खत घातलं की बारीक शेवाळ वाढतं आणि त्यावर मासे पोसतात, ही गोष्ट खोटी नाही. पण दरवर्षी ते थोडं जास्त, थोडं जास्त असं घालत गेले. यंदा श्रावणापासून तलावात मासे मरून तरंगायला लागले होते. आणि बाळारामांनी त्यावर उपाय काढला होता तो म्हणजे आणखी दोन गोणी. दसऱ्याला पूजा करून ओतायच्या.

"बाबा म्हणतात, मासे उपाशी आहेत," भारती म्हणाली. "तुम्ही सांगा ना त्यांना. माझं नाही ऐकत."

एवढ्यासाठी मला कराडहून बोलावलं होतं. मी पदर खोचला.

चार काचेच्या बरण्या माईंच्या लोणच्याच्या कपाटातून मिळाल्या. पहिलीत नुसतं तलावाचं पाणी, दुसरीत चिमूटभर खत, तिसरीत त्याहून जास्त, चौथीत बाळाराम घालतात त्या मापानं, भारतीच्या अंदाजानं. गॅलरीच्या कठड्यावर ओळीनं मांडल्या. आत देवघरात माईंचाही घट बसत होता. परडीत माती, मातीत सात धान्यं, मध्ये कलश. एकीकडे घंटा वाजत होती आणि दुसरीकडे आम्ही बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. मंगेश नावाचा एक चुरचुरीत मुलगा होता, तो म्हणाला, "बाई, आपले पण घट बसले!" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची शिक्षा मला पुढे मिळायची होती.

मग मी मुलांना समजावलं. शेवाळ म्हणजे अगदी बारीक वनस्पती. उसाला जसं खत तसं यांनाही. दिवसा ऊन असेपर्यंत ती पाण्यात प्राणवायू सोडतात, पण रात्री माशांसारखीच तीही प्राणवायू घेतात. थोडी असली तर सगळ्यांचं भागतं. फार झाली की पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू संपत येतो. आणि ती मेली की कुजताना उरलासुरलाही खातात.

"म्हणजे दिवसा देतात आणि रात्री परत घेतात," मंगेश म्हणाला.

"तसंच समज."

"सॉलिड आहेत, बाई!"

टिटवाळ्याच्या पलीकडे

तलाव बघायचा तर पहाटे, असा माझा आग्रह होता. तिसऱ्या माळेच्या दिवशी शैला आणि मी अंधारातच निघालो. टिटवाळ्याला उतरल्यावर बाहेर नव्या इमारतींचे सांगाडे दिसले, बांबूंच्या परांच्या बांधलेले, आणि त्यांच्या मागे एकदम भातशेती. आमच्याकडे गाव संपतं आणि मग शेत लागतं. इथे दोन्ही एकमेकांच्या अंगावर आलेले. भात निसवून पिवळं पडायला लागलं होतं. भारती वाटेवर उभी होती.

तलाव तसा सुंदर. एका बाजूला आंब्याची झाडं, एका बाजूला घाट, वर धुकं. पण पाणी मेंदी कालवल्यासारखं. आणि त्या हिरव्या पाण्यावर सगळीकडे बारीक बारीक गोल. आधी मला वाटलं भुरभुर पाऊस पडतोय. मग नीट बघितलं. ती माशांची तोंडं होती. शेकडो मासे वर येऊन, तोंड उघडून, मिटून, पुन्हा उघडून हवा ओढत होते. आवाजही येत होता, पुटपुटल्यासारखा. 

बाळाराम छोट्या होडीतून काठाला आले. काळेसावळे, डोक्याला टोपी, बोलणं गोड.

"बगा बाई, कशी सगली वर येतान," ते म्हणाले. "सकाली सकाली भूक लागते. तोंड उगडून मागतान बिचारी."

"अहो, भूक नाही ती," मी म्हटलं. "त्यांना श्वास मिळत नाहीये. पाण्यात हवाच उरलेली नाही."

"पान्यान हवा?" ते हसले. "मासा पान्यान घुसमटला तं जगंल कुठं? बाई, ऊन चढला का सगली खाली जातान. पोट भरतं ना त्यांचा."

ऊन आलं की शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडतं म्हणून मासे खाली जातात, हे मी सांगितलं. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला, मला तो कळलाही, पण आवरला नाही. वर्गात आवाज चढवला की मुलं गप्प होतात. बाळाराम गप्प झाले नाहीत, ते आमच्यासाठी चहा सांगायला गेले.

घराच्या ओटीवर दोन गोण्या उभ्या होत्या. चहा पिताना मी त्यांच्याकडे बघत होते हे बाळारामांनी हेरलं.

"दसऱ्याला टाकायचा. मुहूर्त चांगला हाय," ते म्हणाले. "मना दुकानवाला बोलला, पानी हिरवा झाला का मासा पोसतो. अन् पयले दोन वर्सं पोसला बी. मी खोटा बोलत नाय."

"दसऱ्याला डोंबिवलीला या," शैला मध्येच म्हणाली. माझ्यापेक्षा ती शहाणी आहे. "मुलांनी प्रयोग केलाय. तुमच्याच तलावाचं पाणी, तुमचंच खत. बघा आणि मग ठरवा."

बाळारामांनी भारतीकडे बघितलं. भारती खाली बघत होती. "येतो," ते म्हणाले. "पोरीनं केलाय तं बगायला नको?"

परतताना मी शैलाला म्हटलं, बरं झालं, आता बरण्याच सांगतील त्यांना. आणि मला गावाकडचं आठवलं. आमचे दीर उसाला युरिया टाकतात आणि ऊस काळाशार झाला की मिशीवर ताव मारतात. त्यांनाही मी असंच दरवर्षी सांगते आणि तेही मला चहा देतात.

पुन्हा गॅलरीत

ऑक्टोबरच्या उन्हानं आपलं काम चोख केलं. पाचव्या माळेला पहिली बरणी होती तशीच होती, तळाशी जरा गाळ. दुसरी किंचित फिकी हिरवी. तिसरी हिरवी. आणि चौथी! तशी हिरवाई मी आमच्या ओढ्यातही बघितली नव्हती. उन्हात धरली की आतून पेटल्यासारखी दिसायची.

मुलं आली. मी विचारलं, "सांगा, काय दिसतं?"

"बाई, चौथी फर्स्ट!" मंगेश ओरडला.

"एकदम झकास आलीय!"

"पहिली नापास, बाई. काहीच उगवलं नाही तिच्यात."

मी कपाळाला हात लावला. शेजारच्या बिऱ्हाडातल्या बायका आल्या त्याही चौथ्या बरणीपुढे थांबून म्हणाल्या, "अय्या, किती छान हिरवंगार!" भारतीसुद्धा हळूच म्हणाली, "बाई, दिसतेय मात्र सुंदर. बाबा ही बघून खूश होतील."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या वर्गात हे कधी घडलं नव्हतं, कारण तिथं मीच आधी उत्तर सांगून ठेवायची आणि मुलं मान डोलवायची. इथं मुलांनी खरंच बघितलं. आणि बघितलं तर हिरवं वाईट असतं हे कुणाला कसं वाटावं? आपल्याकडे नव्या नवरीला हिरवा चुडा, देवीला हिरवी साडी, पाऊस बरा झाला तर रान हिरवंगार. हिरव्या रंगाला नावं ठेवणारा एक शब्द आपल्या तोंडात नाही. आणि मी बाळारामांना डोंबिवलीपर्यंत बोलावून काय दाखवणार होते, तर त्यांचंच खरं करणारी एक हिरवीकंच बरणी. ते म्हणणार, बगा, मी बोललो नव्हतो? आणि घरी जाऊन दोन्ही गोण्या ओतणार.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं शिकवणं आणि एका मुलीचा विश्वास, दोन्ही त्या कठड्यावर ठेवलेले होते.

टेंभी नाका

माईंना ठाण्याच्या देवीचं दर्शन घ्यायचं होतं, म्हणून सहाव्या माळेला आम्ही तिघी गेलो. टेंभी नाक्यावर एवढी गर्दी की माझी चप्पल एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. आमच्या गावच्या देवीपुढे गोंधळी येतो, संबळ वाजतं, लोक मांडी घालून बसतात. इथे बसायला जागा कुठली? रोषणाई, लाऊडस्पीकर, पोरापोरींचे घोळके, आणि तरी देवीपुढे आल्यावर प्रत्येक जण क्षणभर अगदी एकटा होऊन हात जोडतो. तेवढं गावासारखंच.

रांगेत माई मला म्हणाल्या, "कुंदा, माझा घट यंदा काही बरा आला नाही गं. चार पिवळी पाती. बिल्डिंगच्या आवारातली माती, सगळी रेती न् चुना. मालवणला परसातली माती घ्यायचो, हातभर उगवायचं." थोडं थांबून म्हणाल्या, "घट वर आला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. मुलगा तिकडे एवढा लांब."

मी काहीतरी समजुतीचं बोलले.

"तुझी चौथी मात्र छान आलीय," त्या म्हणाल्या. "देवीनं हात ठेवलाय तिच्यावर."

मी हो म्हटलं. मला तेव्हा चप्पल शोधायची घाई होती.

शहाड

सातव्या माळेला मुलांना घेऊन आम्ही शहाडला उल्हास नदीवर गेलो. नदीच्या एका वळणावर जलपर्णी माजली होती, आणि तिची जांभळी फुलं बघून मुली पुन्हा "अय्या" म्हणाल्या. मी आता शहाणी झाले होते. मी काही सांगितलं नाही. एक लांब काठी घेऊन मंगेशला म्हटलं, ती बाजूला सार आणि खालचं पाणी बघ. त्यानं सारली. खाली काळं, शांत पाणी. "बाई, खाली काहीच नाही," तो म्हणाला. "मासा नाही, किडा नाही." तो बराच वेळ काठी घेऊन तिथं बसला होता. परत येताना माझं मन जरा हलकं झालं होतं. वाटलं, जमेल.

घरी आले तर कठड्यावर दोनच बरण्या.

"माई, बाकीच्या दोन?"

"आत आहेत," माई म्हणाल्या. "देवघरात."

मी धावले. देवघर म्हणजे आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट. त्यात माईंच्या घटाशेजारी माझी चौथी बरणी बसली होती, तोंडावर तांब्याचं झाकण, भोवती हिरवा खण गुंडाळलेला, हळदकुंकू लावलेलं. तिच्या पलीकडे पहिली, स्वच्छ पाण्याची, तीही तशीच झाकून.

"एवढी सुंदर आलेली, कठड्यावर ज्याची त्याची नजर," माई म्हणाल्या. "आणि एकटीला कशी बसवायची, म्हणून सोबतीला ती पहिली ठेवली. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं गं."

"माई, अहो, तो प्रयोग आहे! तिला ऊन लागतं!" मी हात पुढे केला.

माईंनी माझा हात धरला. ओरडल्या नाहीत, नुसता धरला. "बसवलेला घट हलवत नाहीत, कुंदा. आता दसऱ्याला हलवायचा."

मी शैलाकडे बघितलं. शैलानं डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे. तिला त्या घरात माईंबरोबर राहायचं होतं. मी तणतणत गॅलरीत जाऊन बसले. आता तर दाखवायला ती हिरवी बरणीही नव्हती. रात्री टेपरेकॉर्डरमधून माईंच्या मुलाचा आवाज येत होता आणि माई त्याला सांगत होत्या, "यंदा घट छान आलाय हो. हिरवागार." मग मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला.

दसरा

दसऱ्याला सकाळी बाळाराम आले. धुतलेला सदरा, टोपी, हातात आपट्याची पानं. भारती मागे. मुलं आणि शेजारच्या बायका आधीच जमल्या होत्या. दारात झेंडूचं तोरण होतं.

बाळारामांनी गॅलरीतल्या दोन बरण्या बघितल्या. "ही हिरवी चांगली हाय," तिसरीकडे बोट दाखवून ते म्हणाले, आणि माझा उरलासुरला धीर सुटला.

"चौथी कुठं?" त्यांनी भारतीला विचारलं. "माज्या मापाची?"

माई देवघरापुढून म्हणाल्या, "थांबा, घट हलवते."

त्यांनी दिवा लावला, नमस्कार केला, परडी उचलून बाहेर आणली. मग माझ्या दोन बरण्या. खण सोडला. चौथीचं झाकण काढलं.

वास आला. हळूहळू येणारा वास नव्हता तो, एकदम खोलीभर पसरला. गटाराचा, सडलेल्या पाल्याचा. शेजारच्या बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या. बरणीतलं हिरवं गेलं होतं. खाली मळकट पिवळा जाड थर बसला होता आणि वरचं पाणी करडं पडलं होतं. ऊन नाही, वारा नाही. शेवाळानं आतला प्राणवायू संपवला, मग ते मेलं, आणि मेलेलं कुजलं. वर्गात मी हे खडूनं फळ्यावर लिहीत आले होते. त्याला असा वास असतो हे मी कधी कुणाला दाखवलं नव्हतं.

माईंचा चेहरा उतरला. "मी नासवला गं," त्या पुटपुटल्या. "देवापुढे ठेवून नासवला."

 तेवढ्यात भारती पुढे आली. तिनं दुसऱ्या झाकणावर हात ठेवला. "बाई, हिला उघडू?"

तिनं पहिल्या बरणीचं झाकण काढलं. नाक जवळ नेलं. मग बरणी वडिलांपुढे धरली.

"बाबा, वास घ्या."

बाळारामांनी घेतला. "हिला नाय वास."

"हे पण आपल्याच तलावाचं पाणी. ही पण तेवढेच दिवस अंधारात झाकलेली. आजींनी दोघींना एकत्र ठेवलं. हिच्यात खत नाही, एवढाच फरक."

मी एवढी वर्षं शिकवते आहे, पण एवढी सरळ मांडणी माझ्या तोंडून कधी निघाली नव्हती. शैलानं माझा हात दाबला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते वासावर ढकललं.

बाळाराम चौथ्या बरणीपाशी उकिडवे बसले. नाक न झाकता त्यांनी दोनदा वास घेतला. 

"हा वास माज्या तल्याला येतो," ते म्हणाले. "पहाटं. घाटावर. मी समजलो म्हशी बसतान, त्यांचा."

"बाबा," भारती म्हणाली, "मासे मागत नाहीत. त्यांचा जीव घुसमटतो."

बाळारामांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. कुणाच्या मयताला बसल्यासारखे ते बसले होते. मग माईंकडे बघून म्हणाले, "आये, तू नाय नासवला. नासला व्हताच. तू झाकला म्हनून मना कलला."

माईंनी डोळे पुसले. मग परडीतली ती चार पिवळी पाती नखानं खुडली, एक माझ्या वेणीत, एक शैलाच्या, एक भारतीच्या खोचली. शेवटचं त्यांनी बाळारामांच्या टोपीत खोवलं आणि टोपी पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवली. "कसं का असेना, जितं आहे," त्या म्हणाल्या.

खोलीत वास इतका होता की चहा आम्ही जिन्यात उभं राहून प्यायलो.

पुन्हा तलाव

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. त्या दिवशी पहाटेच मी एकटी टिटवाळ्याला गेले. भारतीनं बोलावलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला गोण्या बघायच्या होत्या.

त्या ओटीवरच होत्या. दोन्हींवर हळदकुंकू, फूल. हत्यारं, होडीचं वल्हं, जाळं यांच्या रांगेत त्यांचीही पूजा झालेली.  पण शिवण जागच्या जागी होती.

"पूजा केली, फोडली नाय," भारतीची आई आतून म्हणाली. "पुढले पावसान भाताला घालू, जरा जरा. तुमी जेवून जा, बाई. आज म्हावरा हाय."

तलावावर धुकं होतं. बाळाराम होडी वल्हवत होते, पण कुठे जायला नव्हे. गोल गोल. वल्हं वर उचलून ते पाण्यावर आपटत होते, पाणी उडत होतं, हवेत जाऊन पुन्हा खाली पडत होतं. भारती होडीच्या टोकाला बसून पसरट टोपल्यानं पाणी उपसून परत पाण्यातच फेकत होती. आदल्या दिवशी जिन्यात तिनं मला विचारलं होतं की तलावात हवा घालता येते का, आणि मी म्हटलं होतं, पाणी हलवायचं, हवेशी मिसळायचं, विशेषतः पहाटे. यानं तलाव बरा होणार नाही, खत थांबलं तरी एकदोन पावसाळे जातील, हेही मी सांगितलं होतं. ते तिनं ऐकलं होतं आणि तरी कोंबडं आरवायच्या आधी उठून ती पाणी हलवत होती. तिच्या वेणीत माईंचं पातं अजून होतं, सुकलेलं.

मला बघून बाळारामांनी होडी काठाला आणली. दोघं नखशिखांत भिजलेले. बाळाराम धापा टाकत होते आणि हसत होते.

"काल आयेनं घट हलवला," ते म्हणाले, "आज आमी तला हलवला."

मी वाकून पाण्याकडे बघत राहिले. अजून ऊन आलेलं नव्हतं. तीच वेळ, तेच धुकं, तेच हिरवं पाणी. मी काठाकाठानं चालत घाटापर्यंत गेले आणि परत आले.

दुपारी त्यांच्या ओटीवर तांदळाच्या भाकरीबरोबर मी रोहूचं कालवण खाल्लं. एक काटा घशात अडकला, भारतीच्या आईनं सुक्या भाताचा मुटका गिळायला लावला, सगळ्यांची करमणूक झाली. पण ते नंतर. त्या पहाटे मी काठावर वाकले होते तेव्हा बाळारामांनी मागून विचारलं,

"काय दिसतंय, बाई?"

"काही नाही," मी म्हटलं. पाण्यावर एकही तोंड नव्हतं.

"मंग बरा हाय," ते म्हणाले, आणि वल्हं उचलून पुन्हा होडीत बसले.